अशुद्धीचा उजेड

विजेचा दिवा खेडोपाडीं पोंचला नव्हता त्या काळीं लग्नाच्या मांडवांत, कीर्तनाच्या रंगांत आणि तमाशाच्या फडांत एकच बत्ती रात्रीचा दिवस करीत असे. तिला कोणी ग्यासबत्ती म्हणत, कोणी किटसन म्हणत, कोणी पेट्रोमॅक्स. तिच्या कांचेच्या आंत सुताची एक लहानशी जाळी टांगलेली असे. ती प्रथम पेटविली म्हणजे सूत जळून जाई आणि मागें राखेचा पांढरा सांगाडा उरे. बोट लागलें तर त्या सांगाड्याचा चुरा होई. परंतु रॉकेलची वाफ पेटून त्याला भिडली म्हणजे त्याच राखेंतून असें लखलखीत तेज निघे, कीं त्याकडे पाहवत नसे. त्या उजेडांत ज्यांनीं रात्री जागविल्या त्यांपैकीं फार थोड्यांना ती राख कशाची आहे याची चौकशी करावीशी वाटली असेल.

त्या राखेच्या शंभर भागांत नव्याण्णव भाग थोरियम नांवाच्या धातूचें ऑक्साइड असे आणि एक भाग सेरियमचें. ऑस्ट्रियाचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यानें आपली पहिली जाळी १८८५ सालीं केली होती. पण तिचा उजेड हिरवट पडे, ती लवकर मोडे, आणि तिचा धंदा चालला नाहीं. पुढें थोरियमवर प्रयोग चालले असतां एक विलक्षण गोष्ट नजरेस आली. थोरियम जसजसें अधिक शुद्ध करावें तसतसा त्याचा उजेड मावळत जाई. म्हणजे जें तेज थोरियमचें समजलें होतें तें त्यांत नकळत राहून गेलेल्या दुसऱ्या कोणाचें तरी होतें. तो दुसरा म्हणजे सेरियम. नुसत्या सेरियमची जाळी करावी तर तीहि मंदच जळे. शेंकडा एक या प्रमाणांत तें थोरियमांत मिसळलें म्हणजेच दिवा लागे. १८९१ सालीं ही नवी जाळी बाजारांत आली आणि थोड्याच वर्षांत जगभर पसरली.

भेसळ हा शब्द आमच्या व्यवहारांत निंदेचा आहे. दुधांत पाणी, तुपांत चरबी, सोन्यांत तांबें, या सर्वांस आपण एकाच नांवानें हिणवितों. आणि रसायनशास्त्रज्ञ तर शुद्धतेचा विशेषच उपासक. परंतु सेरियम ज्या कुळांतलें आहे त्या कुळाच्या इतिहासांत भेसळीनें जो मान मिळविला तो विचार करण्यासारखा आहे. शंभरांहून अधिक वर्षें ज्या अशुद्धीला गाळून, धुऊन, स्फटिकांमागून स्फटिक पाडून हांकलून देण्याचा यत्न झाला, तीच अखेर प्रकाशाची धनीण ठरली. आणि आज डोळ्यांस न दिसणाऱ्या कणांतून हवा तो रंग काढणारे कारागीर तिलाच तोलून मापून आंत घालीत आहेत. हा पालट कसा झाला तें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. बत्तीचा उजेड उष्णतेचा होता. पुढें ज्याची हकीकत यावयाची तो उजेड थंड आहे. पण दोहोंचें मर्म एकच आहे.

या कुळाला शास्त्रांत ‘विरल मृत्तिका’ म्हणतात. हें नांव दोन्ही अंगांनीं फसवें आहे. हे धातु आहेत, माती नव्हे. धातूंच्या ऑक्साइडांना मृत्तिका म्हणण्याची जी जुनी चाल होती तिचा हा अवशेष आहे. आणि ते विरलहि नाहींत. सेरियम तर भूकवचांत जवळजवळ तांब्याइतकें आहे. विरळा आहे तो त्यांचा परस्परांशीं वियोग. सतरा मूलद्रव्यांचें हें एकत्र कुटुंब अशा रीतीनें नांदतें, कीं एखाद्या खड्यांत त्यांतलें एक सांपडलें म्हणजे दुसरीं पांचसात त्याच्या आड दडलेलीं असावयाचींच.

स्टॉकहोम शहराजवळच्या एका बेटावर इटर्बी नांवाचें खेडें आहे. तेथें फेल्डस्पारची खाण होती. १७८७ सालीं कार्ल आक्सेल अरेनियस या स्वीडिश लष्करी अधिकाऱ्याला त्या खाणींत एक काळा, वजनदार दगड मिळाला. १७९४ सालीं फिनलंडमधील ओबो येथील प्राध्यापक योहान गादोलिन यानें त्याचें पृथक्करण करून त्यांत एक अपरिचित मृत्तिका असल्याचें दाखविलें. तिचें पुढें इट्रिया असें नांव पडलें. ती एकच मृत्तिका आहे ही समजूत जवळजवळ पन्नास वर्षें टिकली. १८४३ सालीं मोसांडर यानें तिच्यांतून तीन मृत्तिका वेगळ्या काढल्या व त्यांतील धातूंचीं नांवें इट्रियम, टर्बियम आणि अर्बियम अशीं झालीं. १८७८ सालीं मारिन्याक यानें त्याच घराण्यांतून इटर्बियम काढलें. एका खेड्याच्या नांवाचे चार तुकडे करून चार मूलद्रव्यांना वांटून दिल्याचा हा प्रकार रसायनाच्या इतिहासांत एकमेव आहे.

ही वांटणी किती कठीण होती याची कल्पना दोन गोष्टींवरून येईल. मोसांडरनें १८४१ सालीं ज्या धातूला ‘डिडिमियम’, म्हणजे जुळें, असें नांव दिलें तो चव्वेचाळीस वर्षें एक धातु म्हणून पुस्तकांत वावरला. १८८५ सालीं वर सांगितलेल्या आउअरनेंच त्याचे दोन भाग करून दाखविले, तेव्हां तें खरोखरच जुळें निघालें. दुसरी गोष्ट थुलियमची. अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर येथील प्राध्यापक चार्ल्स जेम्स यानें १९११ च्या सुमारास शुद्ध थुलियम मिळविण्यासाठीं त्याच्या क्षाराचे स्फटिक सुमारें पंधरा हजार वेळां विरघळवून पुनःपुन्हा पाडले. आमच्याकडे जपाच्या संख्येस एवढें मोल आहे. त्या प्रयोगशाळेंतील माळ यापेक्षां फारशी निराळी नव्हती.

रसायनाच्या वाटा अशा बिकट असल्यामुळें शास्त्रज्ञांनीं प्रकाशाला साक्षीस बोलाविलें. बुन्सेन व किर्खहोफ यांनीं १८६० च्या सुमारास दाखवून दिलें होतें, कीं प्रत्येक मूलद्रव्य ज्वालेंत तापविलें असतां वर्णपटांत स्वतःच्या ठराविक रेषा उमटवितें. सही पाहून सावकार ओळखावा तसें रेषा पाहून मूलद्रव्य ओळखतां येतें. लंडनचा विल्यम क्रुक्स यानें १८६१ सालीं एका हिरव्या रेषेवरून थॅलियम हें नवें मूलद्रव्य शोधून काढून या विद्येंत नांव मिळविलें होतें. पुढें निर्वात नळींत विद्युत्प्रवाह सोडण्याचे प्रयोग करीत असतां त्याला आढळलें, कीं नळींतील ऋण ध्रुवाकडून येणारे किरण कित्येक खनिजांवर पडले म्हणजे तीं न तापतां चमकूं लागतात. त्या चमकेचा वर्णपट पाहिला तर त्यांत लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या रंगाचा एक ठळक पट्टा वारंवार दिसे. तो कोणाचा याचा त्यानें मोठ्या चिकाटीनें माग काढला आणि १८८३ सालीं जाहीर केलें, कीं हा पट्टा इट्रियमचा.

येथपर्यंत सर्व सरळ वाटतें. पण क्रुक्सनें इट्रियाचे एकामागून एक अंश पाडण्यास आरंभ केला, तेव्हां पट्टे जागच्या जागीं राहीनात. एका अंशांत लिंबाचा रंग उठून दिसे, दुसऱ्यांत हिरवा, तिसऱ्यांत तांबडा. आणि रसायनाच्या कोणत्याहि कसोटीनें पाहावें तर सर्व अंश इट्रियाचेच. तेव्हां क्रुक्सनें एक धाडसी अनुमान काढलें. मूलद्रव्य म्हणून आपण ज्याला अविभाज्य समजतों तें अविभाज्य नसून त्यांत परस्परांहून किंचित् भिन्न अशा परमाणूंचे गट असावेत, आणि हे रंग त्या गटांचे असावेत. १८८६ सालीं बर्मिंगहॅम येथें विद्वानांच्या सभेपुढें अध्यक्ष या नात्यानें बोलतांना त्यानें मूलद्रव्यांच्या उत्पत्तीची एक भव्य कल्पना मांडली: सर्व मूलद्रव्यें एकाच आदिद्रव्यापासून निवत निवत घडलीं असावींत, आणि विरल मृत्तिकांत त्या घडणीच्या खुणा अजून ओल्या आहेत.

कल्पना मोहक होती; तिच्यांत आमच्या सांख्यांच्या प्रकृतीची आठवण यावी असें कांहीं होतें. परंतु फ्रान्समधील लकॉक द ब्वाबोद्रां या शांत वृत्तीच्या संशोधकाला ती पटेना. त्याचें म्हणणें साधें होतें. इट्रियम फुटलेलें नाहीं. इट्रियांत दुसऱ्या मूलद्रव्यांचा लेशमात्र अंश मागें राहिला आहे आणि चमकतो तो अंश. स्वच्छ केलेली इट्रिया चमकत नाहीं असें त्याला आढळलें होतें. क्रुक्सचें उत्तर असें, कीं एवढ्या अल्प भेसळीनें एवढा मोठा प्रकाश पडावा हें संभवतच नाहीं. दोघेहि प्रामाणिक होते, दोघेहि कुशल होते. वाद रंगाचा दिसत असला तरी खरा प्रश्न फार खोल होता: एखादी वस्तु प्रकाशते तेव्हां तो प्रकाश तिच्या बहुसंख्येचा असतो, कीं तिच्यांतील एखाद्या परक्या अल्पसंख्याकाचा? याचें उत्तर मिळेपर्यंत प्रकाशाची साक्ष ग्राह्य धरावी कीं नाहीं हेंच ठरत नव्हतें.

त्याच १८८६ सालीं लकॉकनें डिस्प्रोशियम हें नवें मूलद्रव्य वेगळें केलें. त्या नांवाचा अर्थ ‘कष्टानें हातीं लागणारें’ असा आहे. क्रुक्सचा तो लिंबू-पिवळा पट्टा वस्तुतः या डिस्प्रोशियमचा होता. तथापि वाद मिटला नाहीं. १८९८ सालीं क्रुक्सनें वर्णपटाच्या आधारें आणखी एक मूलद्रव्य जाहीर केलें आणि पुढें राणीच्या नांवावरून त्याला ‘व्हिक्टोरियम’ म्हटलें. तें कांहीं टिकलें नाहीं.

निवाडा झाला तो पॅरिसच्या ज्यॉर्ज उर्बें याच्या हातून. उर्बेंनें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या मृत्तिका पूर्वीं कोणीं केल्या नव्हत्या इतक्या शुद्ध केल्या. मग त्यानें उलट वाट धरली. शुद्ध गॅडोलिनियमचें ऑक्साइड घ्यावें, तें नळींत चमकत नाहीं. त्यांत टर्बियमचा लेश घालावा, तें झळझळीत हिरवें होतें. टर्बियम थोडें वाढवावें, तेज वाढतें. आणखी वाढवावें, तेज घटूं लागतें. आणि नुसतें टर्बियम घ्यावें तर पुन्हा अंधार. चमकणारा अंश कोठें तरी एका विशिष्ट अल्प प्रमाणांत असला तरच प्रकाश शिखरास पोंचतो, हा नियम त्यानें कोष्टकें मांडून सिद्ध केला. क्रुक्सला जें असंभाव्य वाटलें होतें तेंच खरें ठरलें. आणि ‘व्हिक्टोरियम’ हें गॅडोलिनियममधील भेसळीचें रूप होतें हेंहि उर्बेंनेंच दाखविलें. क्रुक्सला येथें न्याय द्यावयाचा तर एवढें सांगितलें पाहिजे, कीं एकाच मूलद्रव्याचे परमाणु वजनानें थोडे भिन्न असूं शकतात हें त्याचें भाकीत १९१३ सालीं समस्थानिकांच्या रूपानें खरें झालें. चुकला होता तो पुरावा. त्या रंगांचा त्या भाकिताशीं संबंध नव्हता.

या घराण्यांत एकंदर माणसें किती, हा प्रश्न मात्र अजून उरला होता. १९१३-१४ मध्यें हेन्री मोझ्ली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें क्ष-किरणांच्या साह्यानें प्रत्येक मूलद्रव्याचा अनुक्रमांक निश्चित करण्याची युक्ति काढली. उर्बें आपल्या जन्मभराच्या कष्टांचे नमुने घेऊन १९१४ सालीं ऑक्सफर्डला गेला आणि मोझ्लीनें त्यांत काय आहे व काय नाहीं तें थोड्याच दिवसांत सांगून टाकलें. पुढच्याच वर्षीं, १० ऑगस्ट १९१५ रोजीं, गॅलिपोलीच्या रणांगणावर गोळी लागून मोझ्ली मरण पावला. त्या वेळीं त्याला अठ्ठाविसावें वर्ष चालू होतें. महायुद्धानें जगाचें जें नुकसान केलें त्याच्या हिशोबांत हा आंकडा आजहि बोचतो.

हे धातु असे चमकतात तरी कां? याचें उत्तर परमाणूच्या रचनेंत आहे. जुन्या वाड्यांत रस्त्याला लागून ओसरी, मग पडवी आणि सर्वांच्या आंत माजघर असे. विरल मृत्तिकांच्या परमाणूंत प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन माजघरांत राहतात आणि बाहेरच्या ओसरीवर दुसऱ्या इलेक्ट्रॉनांचा पहारा असतो. त्यामुळें ज्या स्फटिकांत तो परमाणु बसला असेल त्या स्फटिकाचा गोंगाट आंत फारसा पोंचत नाहीं. इतर रंगद्रव्यांचा प्रकाश पसरट पट्ट्यासारखा असतो. यांचा मात्र सुईसारख्या बारीक रेषांत येतो आणि रेषांचीं स्थानें फारशीं ढळत नाहींत. टर्बियम हिरवा, युरोपियम तांबडा, डिस्प्रोशियम पिवळा व निळा, थुलियम निळा, अशी ज्याची त्याची ठेव ठरलेली आहे.

तरीहि ज्या स्फटिकांत तो पाहुणा उतरतो त्या यजमानाला कांहींच महत्त्व नाहीं असें मात्र नाहीं. युरोपियमचेंच पाहा. दमार्से या फ्रेंच संशोधकानें १९०१ सालीं हें मूलद्रव्य वेगळें केलें. त्याचा परमाणु तीन इलेक्ट्रॉन गमावून स्फटिकांत बसला आणि त्याच्या भोंवतालची मांडणी अगदीं समतोल असली, तर नारिंगी रेषा जोर धरते. मांडणींत थोडा तोल ढळला कीं तांबडी रेषा वर येते. तोच परमाणु दोनच इलेक्ट्रॉन गमावून बसला तर प्रकाश देणारा इलेक्ट्रॉन जणूं माजघरांतून ओसरीवर येतो. मग शेजाऱ्यांचा त्याच्यावर पूर्ण ताबा चालतो, आणि बहुतेक यजमानांत त्याचा रंग निळा होतो. येथें एक जुनें ऋण फिटल्यासारखें झालें. १८५२ सालीं आयरिश पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ स्टोक्स यानें जंबुपार किरणांत निळा चमकणाऱ्या फ्लुओरस्पार या खनिजावरून अशा चमकेला ‘फ्लुओरेसन्स’ हें नांव दिलें होतें. तो निळा रंग फ्लुओरस्पारचा नव्हेच. त्यांत लेशमात्र असलेल्या दोन-इलेक्ट्रॉन-गमावलेल्या युरोपियमचा आहे, हें व्हिएन्ना येथील संशोधकांनीं १९३० नंतरच्या दशकांत उलगडलें. म्हणजे शब्दाचा जन्मच एका भेसळीच्या पोटीं झाला होता.

हें ज्ञान लोकांच्या घरांत शिरलें तें १९६४ सालीं. अमेरिकेंत रंगीत चित्रवाणी सुरू होऊन दहा वर्षें झालीं होतीं. पण तिचा तांबडा रंग फार दुबळा असे, आणि त्याच्याशीं मेळ राखण्यासाठीं हिरवा व निळा हेहि मुद्दाम मंद ठेवावे लागत. सबंध चित्रच म्लान दिसे. लेव्हीन व पालिला या दोघांनीं इट्रियमच्या व्हॅनेडेट क्षारांत युरोपियमचा थोडा अंश मिसळून एक झळझळीत तांबडा पदार्थ तयार केला, आणि चित्राचा सर्वच रंग खुलला. ज्या युरोपियमला तोंवर गिऱ्हाईक नव्हतें त्यासाठीं कॅलिफोर्नियांतील माउंटन पास येथील खाण जोरांत चालूं लागली. तेथल्या विरल मृत्तिकांच्या हजार भागांत युरोपियम सुमारें एक भाग निघे. आमच्या देशांत रंगीत चित्रवाणी १९८२ सालीं आशियाई क्रीडासामन्यांच्या निमित्तानें आली. त्या पेटींतील तांबडा शालू, तांबडा गुलाल, तांबडें कुंकू हें सर्व युरोपियमचेंच देणें होतें. ती पेटी आतां अडगळींत गेली. पण तांबड्या रंगाचा तो धडा गेला नाहीं.

स्टोक्सनें एक नियमहि घालून दिला होता: पदार्थ जो प्रकाश घेतो त्याहून दुबळा प्रकाश परत देतो. जंबुपार घेऊन निळा द्यावा, निळा घेऊन तांबडा द्यावा. उलट कधीं होत नाहीं. १९६६ सालीं फ्रान्समध्यें फ्रांस्वा ओझेल यानें, आणि त्याच सुमारास लेनिनग्राड येथें ओव्ह्स्यान्किन व फिओफिलोव्ह यांनीं स्वतंत्रपणें, या नियमाला वळसा घातला. इटर्बियम व अर्बियम एकत्र असलेल्या पदार्थावर डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकला तर तो हिरवा चमकतो. यांत हिशोब कोठें मोडत नाहीं. चार आण्यांच्या दोन पावल्या देऊन एक अधेली घ्यावी तसा हा व्यवहार आहे. इटर्बियम अवरक्त प्रकाशाचा एक कण घेतें व ती शक्ति अर्बियमच्या हातीं देतें. अर्बियम त्या पायरीवर कांहीं वेळ थांबूं शकतें. तेवढ्यांत इटर्बियम दुसरा कण आणून देतें. आणि मग वरच्या पायरीवरून अर्बियम हिरवा किंवा तांबडा प्रकाश खालीं टाकतें. १९७२ सालीं अमेरिकेंत असें आढळलें, कीं सोडियम, इट्रियम व फ्लोरिन यांच्या स्फटिकांत हा व्यवहार विशेष चांगला चालतो.

तोंवर हे सर्व पदार्थ पिठासारखे भुकटीच्या रूपांत होते. विसावें शतक सरतां सरतां रसायनशास्त्रज्ञांना नॅनोकण घडविण्याची विद्या साधली. मिलिमीटरचे दहा लाख भाग करावे, त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. वीस नॅनोमीटरचे कण घेतले तर माणसाच्या एका केसाच्या रुंदींत सुमारें चार हजार कण ओळीनें बसतील. असे कण द्रवांत मिसळले तर तो द्रव पाण्यासारखा स्वच्छ दिसतो, आणि अवरक्त किरण टाकतांच त्याच्या पोटांतून रंगीत रेघ उमटते. जर्मनी व स्वित्झर्लंड येथील संशोधकांनीं २००४ सालीं असे नानारंगी द्रव करून दाखविले.

आतां प्रश्न उरला तो रंग हवा तसा वळविण्याचा. २००८ सालीं सिंगापूर येथें फेंग वांग व शिआओगांग लिऊ यांनीं याचें एक सुरेख उदाहरण घालून दिलें. यजमान एकच, अवरक्त किरण एकच, ९८० नॅनोमीटर लांबीचा. कणांत शेंकडा वीस इटर्बियम आणि शेंकडा ०.२ थुलियम घातलें तर प्रकाश निळा पडतो. त्यांतच अर्बियमचा अंश शेंकडा ०.२ पासून १.५ पर्यंत हळूहळू वाढवीत नेला तर निळ्यांत हिरवा व तांबडा मिसळत जाऊन रंग पांढऱ्याकडे झुकतो. थुलियम वगळून अर्बियम शेंकडा दोन ठेवलें आणि इटर्बियम वाढवीत नेलें तर पिवळ्याचा तांबडा होतो. कारण वाटेकरी वाढले म्हणजे शक्तीची देवघेव दोन्ही दिशांनीं होऊं लागते आणि हिरव्या प्रकाशाची पायरी रिकामी पडते. स्वयंपाकघरांत मिठाच्या चिमटीनें जें घडतें तेंच येथें घडतें. फरक इतकाच, कीं येथील चिमटी मोजून घेतलेली असते.

मात्र लहानपणाला दंडहि भरावा लागतो. कण जितका लहान तितके त्याचे अधिक परमाणु पृष्ठभागावर येतात, आणि पृष्ठभागावर आलेली शक्ति आसपासच्या द्रवांत व्यर्थ वाहून जाते. त्यावर उपाय निघाला तो असा, कीं कणाभोंवतीं त्याच यजमान स्फटिकाची, पण आंत पाहुणे नसलेली, एक पातळ साल चढवावी. कांद्यासारख्या अशा साली एकावर एक चढवून निरनिराळे पाहुणे निरनिराळ्या सालींत बसविले, तर जे जवळ येतांच एकमेकांचा प्रकाश विझवितात तेहि एका कणांत सुखानें नांदतात. २०१५ सालीं तर असेहि कण दाखविण्यांत आले, कीं त्यांतील द्रव्याला हात न लावतां नुसत्या किरणांच्या स्पंदाची लांबी व किरणांचा प्रकार बदलल्यानें तोच कण तांबडा, हिरवा किंवा निळा प्रकाश देतो. पाहुणा कोण, किती, कोणाच्या घरीं, कोणाच्या शेजारीं, आणि त्याला हांक कशी मारली, या पांच गोष्टींवर रंग ठरतो. उर्बेंला त्यांतील ‘किती’ या शब्दाचें रहस्य सांपडलें होतें. बाकीचीं चार त्याच्या मागून उलगडलीं.

याचा उपयोग काय, असें विचारणारा वाचक असेलच. अवरक्त किरण मांसांत दृश्य प्रकाशाहून खोल शिरतात, म्हणून शरीराच्या आंतील जागा उजळून पाहण्यासाठीं या कणांवर संशोधन चालू आहे. तसेंच खोट्या नोटा व खोट्या औषधांच्या वेष्टनांना आळा घालणाऱ्या शाईंत त्यांचा विचार होतो. २००२ सालीं युरोपांतील बारा देशांत युरोच्या नव्या नोटा आल्या, त्या जंबुपार दिव्याखालीं तांबड्या चमकत; आणि उट्रेख्ट येथील दोन रसायनशास्त्रज्ञांनीं त्या प्रकाशाच्या रेषा मोजून अनुमान काढलें, कीं तो युरोपियमचा आहे. पण अतिशयोक्ति करूं नये. शक्ति वर चढविणाऱ्या या नॅनोकणांवर जितका प्रकाश टाकावा त्याचा फारच थोडा अंश ते परत देतात, आणि तो अंश वाढविणें हेंच या विद्येपुढील आजचें मोठें काम आहे.

या इतिहासांत आमच्या देशाचाहि एक धागा आहे, आणि तो अभिमानाचा तितकाच खंतीचा आहे. बत्तीच्या जाळीला लागणारें थोरियम मोनाझाइट नांवाच्या खनिजांत मिळतें व त्याच खनिजांत विरल मृत्तिकाहि असतात. १९०९ च्या सुमारास शोंबर्ग नांवाच्या एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूंत मोनाझाइटचे कण दिसले. त्या कणांचा माग काढीत तो मनवळकुरिचीच्या किनाऱ्यावर येऊन पोंचला. तेथून आमची वाळू जहाजांत भरून कच्चीच परदेशीं जाऊं लागली. वाळू मोलानें जाई आणि तिच्या राखेचा उजेड अनेक पटींनीं महाग होऊन परत येई. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही संस्था निघाली व १९५२ सालीं केरळांतील आलुवा येथें तिचा कारखाना सुरू झाला. तरीहि जगांत या धातूंना वेगळें करण्याच्या कामाचा फार मोठा वांटा आज चीनकडे आहे. वाळू कोणाच्या किनाऱ्यावर आहे यापेक्षां तिच्यांतील सतरा भावंडें एकमेकांपासून कोण वेगळीं करूं शकतो, यावर या व्यापारांतील धनीपण ठरतें. इटर्बीची खाण लहानशी होती. तिचें नांव चार मूलद्रव्यांत राहिलें तें तेथील दगड दुर्मिळ होता म्हणून नव्हे, तर त्या दगडापुढें पिढ्यानुपिढ्या माणसें बसलीं म्हणून.

भेसळीची एवढी थोरवी गाइल्यावर एक इशारा देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. या कथेचें तात्पर्य शुद्धता व्यर्थ आहे असें नाहीं. क्रुक्सपाशीं भेसळ पुरेपूर होती, प्रकाशहि होता, नव्हती ती शुद्धता. म्हणून कोण चमकतें आहे तें त्याला कळलें नाहीं. उर्बेंनें प्रथम अंधार होईपर्यंत शुद्ध केलें, आणि मग त्या अंधारांत मोजून एक लेश सोडला. तेव्हां प्रकाश कोणाचा याविषयीं शंका उरली नाहीं. अज्ञानांतली सरमिसळ आणि ज्ञानानंतरचें मिश्रण हीं दिसावयास सारखींच दिसतात, पण पहिलींतून वाद निघतात आणि दुसऱ्यांतून दिवे.

हिरवा चमकणाऱ्या त्या नॅनोकणांत सोडियम सोडलें तर तीन धातु असतात: यजमान इट्रियम, शक्ति गोळा करणारें इटर्बियम, आणि प्रकाश देणारें अर्बियम. तिन्ही इटर्बीच्याच नांवाचीं. अरेनियसला १७८७ सालीं सांपडलेल्या दगडांत तीं तिन्ही एकत्र होतीं, आणि तो दगड कोळशासारखा काळा होता. त्यांना वेगळें करावयास माणसाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. आणि वेगळें केल्यावर त्यानें तीं पुन्हा एकत्र आणलीं, या खेपेस प्रमाण ठरवून.